भाच्याची मोटार आणि अप्रमाद

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात तो कॉट बेसिसवर राहतो. गेल्या महिन्यात ताईचा गावाहून फोन आला. "पोरगं पंधरा हजार मागतंय. पुस्तकाला नाही, शर्यतीच्या मोटारीला! भाऊ, तू जा आणि त्याला दोन शब्द सांग." ताई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिच्या पंधरा हजारांमागे किती दिवसांचे कष्ट असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा रागातच आम्ही रविवारी सदाशिव पेठ गाठली.

एके काळी या भागात आडनाव ऐकून आपल्या माणसाला खोली नाकारली जाई. आज बीड-लातूर-परभणीकडची कितीतरी मुले-मुली इथल्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेसाठी रात्री जागवतात. हे पाहून बरे वाटते. पण पेरुगेटाजवळ रस्ता ओलांडताना सायलेन्सर काढलेली एक मोटारसायकल अंगावरून गेली आणि आमचा राग आणखी वाढला. याच पेठेत ३१ मे २०२५ रोजी संध्याकाळी एक मोटार चहाच्या टपरीजवळच्या लोकांत घुसली होती. बारा जण जखमी झाले. त्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले होती. चालक दारू प्यायलेला होता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. वेगाचे वेड म्हणजे हेच, असे आम्ही मनाशी म्हणालो.

खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. शेजारी एका काळ्या तरुणाचे चित्र. "हा कोण?" आम्ही विचारले.

"जयभीम मामा. हा लुईस हॅमिल्टन. फॉर्म्युला वनमध्ये सात वेळा जगज्जेता झालाय. तिथं उतरलेला पहिला काळा चालक. पोराच्या शर्यतींसाठी याच्या बापानं एका वेळी अनेक नोकऱ्या केल्या."

आमचा आवाज थोडा खाली आला. त्या दिवशी कुठल्याशा देशात शर्यत होती. भाच्याने मोबाईल उशीला टेकवून लावला आणि आम्ही दोघे कॉटवर बसून ती पाहिली. खरे सांगायचे तर आम्हीही गुंतलो. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाणारी गाडी मधेच थांबते, वीसएक माणसे एकदम पुढे येतात आणि दोन-अडीच सेकंदांत चारही चाके बदलून होतात. एकाचा हात चुकला तर सगळ्यांची मेहनत वाया. माणसांना या खेळाचे आकर्षण का वाटते, ते आम्हाला तेव्हा कळले. नुसत्या वेगाचे ते आकर्षण नव्हे. इतक्या वेगातही मन क्षणभर ढळू न देण्याचे ते आकर्षण आहे.

पण प्रश्न उरलाच. "अरे, नुसत्या गोल फिरण्यासाठी एवढे तेल जाळायचे? धूर कुणाच्या छातीत जातो?"

भाच्याकडे उत्तर तयार होते. फॉर्म्युला वनने २०१९ साली स्वतःच आपला हिशेब जाहीर केला. २०१८ च्या हंगामात सुमारे २ लाख ५६ हजार टन कार्बन हवेत गेला. त्यात प्रत्यक्ष गाड्यांच्या इंजिनांचा वाटा १ टक्काही नव्हता. जवळजवळ ४५ टक्के वाटा सामान एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचा होता आणि सुमारे २८ टक्के माणसांच्या प्रवासाचा. म्हणजे धूर दिसतो रस्त्यावर, पण जास्त निघतो विमानातून. २०३० पर्यंत हा भार निव्वळ शून्यावर आणण्याचा त्यांचा संकल्प आहे. २०२६ पासूनच्या नियमांनुसार गाडीची जवळपास निम्मी शक्ती विजेची, आणि इंधनही जमिनीतून काढलेल्या तेलाचे नाही. पूर्ण विजेवरच्या गाड्यांची 'फॉर्म्युला ई' ही स्पर्धा तर २०१४ पासून चालू आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ती हैदराबादला हुसेनसागराच्या काठी झाली. पुढच्या वर्षीची शर्यत मात्र रद्द झाली.

"आणि वीज कुठून येते?" आम्ही विचारले. "महाराष्ट्रात अजून बरीचशी वीज कोळशाचीच. पुण्यातली गाडी स्वच्छ आणि चंद्रपूरकडच्या माणसाच्या पदरी राख, हा कसला न्याय?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, ते खरं आहे. गाडी बदलून भागणार नाही, वीजही बदलावी लागेल." त्याचा हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला.

वाचकहो, या खेळाशी आपले आणखी एक नाते आहे. आपल्या देशातला सर्वांत मोठा शर्यतमार्ग उत्तर प्रदेशात गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे. त्याचे नाव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. मायावती मुख्यमंत्री असताना २०११ साली तो सुरू झाला. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे तिथे फॉर्म्युला वन झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. पुढे करांचा वाद झाला आणि ती शर्यत गेली. २०२३ साली मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत तिथे झाली. त्याच परिसरात भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले होते. नाव तथागतांचे दिले, पण करुणेचा हिशेब शेतकऱ्यापर्यंत पोचला का, हे आपणही विचारले पाहिजे. तोच फेटेल पुढे पर्यावरणाविषयी उघड बोलू लागला आणि २०२२ साली निवृत्त झाला.

मग काय, खेळच वाईट? आम्हाला तसे वाटत नाही. बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानले नाही. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, अशीच त्यांची भूमिका होती. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. नशेपासून दूर राहायचे, कारण ती प्रमादाचे मूळ आहे. त्या पाली शब्दांतच 'प्रमाद' आलेला आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना आठवण दिली तीही अप्रमादाचीच. बंदिस्त मार्गावर शिरस्त्राण घालून, नियम पाळून धावणारा चालक आणि भर वस्तीत दारू पिऊन गाडी हाकणारा, या दोघांत वेगाचा फरक नाही, अप्रमादाचा आहे. हवेच्या बाबतीतही तेच. आपण सोडलेला धूर कुठे जातो, याचे भान ठेवणे हाही अप्रमादच.

शेवटी आम्ही भाच्याच्या मोटारीची चौकशी केली. ती महाविद्यालयातल्या मुलामुलींनी मिळून बांधलेली, विजेवर चालणारी आहे. कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर विद्यार्थ्यांची 'फॉर्म्युला भारत' स्पर्धा होते, तिथे ती न्यायची आहे. हा चालवणार नाही, बॅटरीचे काम याच्याकडे. उद्या चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत याच कामाला माणसे लागणार आहेत. ते दार उघडेल तेव्हा आपली मुले उंबऱ्याशी उभी असली पाहिजेत.

आम्ही साडेसात हजार आमच्या खिशातून दिले. उरलेले त्याने सुट्टीत शिकवण्या करून उभे करायचे, आणि पै-पैचा हिशेब आईला दाखवायचा, एवढी अट घातली. ती त्याने मान्य केली.

रात्री ताईला फोन केला. सगळे ऐकून घेऊन तिने एवढेच विचारले, "गाडीत तो बसणार नाही ना?"

"नाही. बॅटरी त्याच्याकडे आहे."

ताई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मग आधी आमच्या अंगणवाडीतला पंखा बघ म्हणावं. उन्हाळ्यापासून बंद पडलाय."

निरोप आम्ही पोचवला आहे. येत्या रविवारी भाचा गावी जाणार आहे.