आधी गाडी दाखवा

सोमवार, १२ जानेवारी २०२६
फुलसावंगी

प्रवासाचं एक नवं अ‍ॅप तपासायला आलं आहे. ते अजून लोकांपर्यंत पोचलेलं नाही. अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यापासून गाडी सापडेपर्यंत नवख्या माणसाचं काय होतं, हे पाहायचं काम. शहरात ते तपासून झालंय, म्हणून मी गावी घेऊन आले. महागाव, उमरखेड, पुसद, माहूर या आमच्या नेहमीच्या वाटा आणि बहुतेकांची मदार एसटीवर. एक गाडी चुकली की अख्खा दिवस जातो, अशा माणसाला वेळापत्रक सगळ्यांत जास्त लागतं.

आज स्वतः सगळे पडदे पाहिले. आधी सरकवायची चित्रं, मग मोबाइल नंबर, ओटीपी, नाव, ईमेल, स्त्री की पुरुष, जन्मतारीख, लोकेशनची परवानगी, नोटिफिकेशनची परवानगी. इतकं होईस्तोवर गाडीचा पत्ता नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला. म्हटलं, "काकू, उद्या सकाळी पुसदला जायचंय असं समजा. गाडी शोधा आणि मनात येईल ते बोलत राहा." अशा चाचणीत मदत करायची नसते, नुसतं ऐकायचं असतं.

काकू नंबरापाशीच थांबल्या. "मले गाडी पाह्याची हाय पोरी. नंबर कायले पायजे याले?" त्यांना पाठ असलेला नंबर मुलाचा. तो तूर काढायला शेतात गेलेला, ओटीपी त्याच्या खिशात. वेळ संपली आणि पडदा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

एक फोन म्हणजे एक माणूस, हे गृहीतच इथे चालत नाही. रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपमध्ये (ते १ जुलै २०२५ रोजी आलं) नुसती चौकशी करणाऱ्याला पाहुणा म्हणून आत येता येतं, पण मोबाइल नंबर आणि ओटीपी तिथेही लागतोच. वेळ बघणाऱ्याला ओळख विचारायची गरज नाही. स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीवर कुणी नाव-गाव विचारत नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

आज हळदीकुंकवाच्या निमित्ताने बऱ्याच जणी एकत्र भेटल्या. स्त्री की पुरुष, या प्रश्नावर सगळ्याच अडखळल्या. "याले काय करायचं ते?" हा त्यांचा सवाल रास्त होता, कारण अ‍ॅप कारण सांगतच नाही. मग त्या प्रश्नाखाली मी कागदाची पट्टी लावली: "एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून विचारतो." त्यानंतर कुणीही थांबलं नाही. १७ मार्च २०२३ पासूनची ही सवलत प्रत्येकीला ठाऊक आहे. प्रश्न योग्य आहे, त्याची जागा चुकली आहे. तो तिकीट काढताना यायला हवा, कारणासकट.

वयाचंही तसंच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. एका आजींच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९४८ ही तारीख. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली, तेच हे साल. अ‍ॅपमधलं कॅलेंडर चालू महिन्यावर उघडतं आणि बाण एकेक महिना मागे नेतो. आजींच्या जन्मापर्यंत जायला नऊशे छत्तीस वेळा बोट टेकवायचं! ज्यांच्यासाठी सवलत, त्यांनाच हा अडथळा. वर्ष आकड्यात लिहू द्या, काम झालं.

शनिवार, १७ जानेवारी

आज शोधाची पट्टी पाहिली. 'सावंगी' लिहिलं की वर्ध्याजवळची सावंगी मेघे आधी येते. तिथलं मोठं रुग्णालय गाठायला आमच्या जिल्ह्यातूनही माणसं जातात, म्हणून गोंधळ महागात पडेल. नावाखाली तालुका आणि जिल्हा दिसलाच पाहिजे. इंग्रजीत फुलसावंगीला कुणी 'एफ' लावेल, कुणी 'पीएच'. तरी गाव सापडायला हवं.

लोकेशनची परवानगी सगळ्यांनी नाकारली. अँड्रॉइडने २०१५ पासून, सहाव्या आवृत्तीत, परवानगी गरजेच्या क्षणी मागायची सोय केली. अकराव्या आवृत्तीपासून दोनदा नकार मिळाला की ती खिडकी पुन्हा उघडत नाही. घाईने मागणारं अ‍ॅप स्वतःचंच दार बंद करून घेतं. 'जवळचा थांबा दाखवा' असं माणसाने म्हटल्यावर मागितलं, तर तो देईल.

सोमवार, १९ जानेवारी

अहवाल पाठवला. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच माणसांसोबतची चाचणीसुद्धा बहुतेक अडचणी वर आणते. अहवालात ते देऊन मी त्याखाली जोडलं, ती पाच माणसं शहरातली, स्वतःचा फोन आणि ईमेल असलेलीच असतील, तर बाकीच्यांच्या अडचणी दिसणारच नाहीत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही आधार घेतला. संमती कामापुरत्याच माहितीची असावी आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय असावी, असं तो सांगतो. मराठी त्या यादीत आहे. मग मराठी निवडूनही अटींचा मजकूर इंग्रजीतच का?

मागणी नेमकी ठेवली: पहिल्या पडद्यावर कुठून, कुठे आणि वेळ. नाव, वय, नंबर तिकीट काढतानाच. आणि किती जणांनी नोंदणी पूर्ण केली, हा यशाचा आकडा धरू नका. किती जणांना आपली गाडी सापडली, तो मोजा. नोंदणी अ‍ॅपवाल्यांना हवी असते. काकूंना पुसदला वेळेवर पोचायचं असतं. सुधारलेली आवृत्ती आधी त्यांच्याच हातात द्यावी, हेही लिहून दिलं आहे.