हॅण्डल वळवलं की मरणारी गाडी



पारोळा तालुक्यातल्या एका गावातून रात्री साडेदहाला फोन आला. मारहाण झाली होती, ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायची होती आणि सोबतीला कुणी नव्हतं. मी जळगावात. "निघालोच" म्हणून खाली आलो, हॅण्डलचं लॉक काढलं, किल्ली फिरवली, सेल्फ दाबला. टक. पुन्हा टक. मग तेही नाही. किक मारून मारून पोटरी भरून आली. सकाळच्या एसटीने पोचलो, तोवर "आपसात मिटलं" अशा कागदावर सह्या झालेल्या होत्या. मी रात्री गेलो असतो तर फिर्याद झालीच असती, असं छातीठोक सांगणार नाही. पण मी गेलो नव्हतो, एवढं खरं.

गाडी सतरा वर्षांची, कार्बोरेटरची. त्या रात्रीनंतर ती गॅरेजमध्ये टाकली. आधी बॅटरी बदलली. आठ दिवस बरी चालली, पुन्हा तेच. मग सीडीआय बदलला, मग सेल्फचा रिले. चारेक हजार गेले. दरवेळी विचारायचो, "नेमकं काय झालं होतं?" उत्तर एकच, "वायरिंगचा प्रॉब्लेम होता सर, आता ओके आहे." मीही मान डोलवून पैसे द्यायचो. समाजशास्त्रात एम. ए. केलेला माणूस, उलट प्रश्न कसा विचारायचा हेच मला त्या गॅरेजमध्ये सुचत नव्हतं.

मग ३१ जुलै आला. या तारखेला खान्देशातले आपले लोक कुठे जातात, हे वेगळं सांगायला नको. १९३७ साली याच दिवशी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी तिथे गर्दी जमते. आम्हीही पहाटे निघालो. मागे बसला होता आमच्याच वस्तीतला एक पोरगा, आयटीआयचा वायरमन ट्रेड केलेला. रिमझिम चालू होती. एरंडोल सोडलं, पुढे चहासाठी गाडी वळवली आणि वळता वळताच ती मेली. न्यूट्रलचा दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही.

मी सवयीप्रमाणे किक मारायला लागलो. पोरगा म्हणाला, "दादा, थांबा. हॅण्डल वळवलं तवाच मरते का ती?"

हा प्रश्न इतक्या महिन्यांत मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

त्याच्या पिशवीत इंडिकेटरचा एक बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. एक वायर त्याने बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि दुसरीच्या टोकाने वाटेवरची एकेक जागा तपासत गेला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर बल्ब लख्ख. फ्यूजच्या अलीकडे लख्ख, पलीकडेही लख्ख. किल्लीच्या स्विचकडे येणाऱ्या वायरीवर मात्र मिणमिण. हॅण्डल सरळ केलं तर थोडा उजेड, डावीकडे वळवलं की अंधार. दोष सापडला. हॅण्डलच्या खाली, जिथे सगळ्या वायरींचा जुडगा चासीच्या मानेजवळून वळतो, तिथे वर्षानुवर्षं वाकून वाकून आतल्या तांब्याच्या तारा तुटल्या होत्या. वरचं प्लास्टिक शाबूत, आत दोन-तीन तारा उरलेल्या. त्यांतून रिलेला पुरेसा करंट मिळत नव्हता, म्हणून नुसतं टक. लॉक लावलेली गाडी हॅण्डल डावीकडे वळवून उभी असते, म्हणजे रात्रभर ती वायर ताणलेलीच. गॅरेजमध्ये मात्र गाडी मेन स्टँडवर, हॅण्डल सरळ. तिथे ती सुरूच व्हायची!

मी विचारलं, गॅरेजवाल्याने मीटर लावलं होतं, ते तर बारा व्होल्ट दाखवत होतं. तो म्हणाला, "मीटरला करंट लागतोच किती? एक तार शिल्लक असली तरी ते बारा दाखवणार. बल्बला करंट लागतो, म्हणून त्याला खोटं जमत नाही."

मित्रांनो, आपल्यातले बहुतेक कार्यकर्ते जुन्या गाड्यांवर फिरतात, म्हणून त्याने शिकवलेलं थोडं सांगतो. गाडी बंद पडली की आधी किल स्विच बघा. हसू नका, अर्ध्या वेळा तोच असतो. मग किल्ली फिरवून हॉर्न वाजवा, दिवा बघा. सगळंच मेलेलं असेल तर बॅटरीची टोकं, फ्यूज, किल्लीचा स्विच याच वाटेवर कुठेतरी खंड आहे. दिवा आहे पण सेल्फ दाबताच तो एकदम मंदावतो, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला आहे. तो गरम पाणी आणि खायच्या सोड्याने निघतो. सोडताना निगेटिव्ह आधी सोडायची, जोडताना शेवटी. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन रेस केल्यावर १४ च्या आसपास गेली पाहिजे, नाहीतर चार्जिंगच होत नाही आणि नवी बॅटरी टाकून उपयोग नाही. दिवा अजिबात मंदावत नाही आणि मोटरही फिरत नाही, तर बटण, क्लचचा स्विच किंवा रिले. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तेव्हा प्लग काढा, कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवून स्पार्क बघा. पेट्रोल सांडलेलं नको आणि प्लगला उघडा हात नको. पावसाळ्यात प्लगच्या कॅपमध्ये नुसतं पाणी शिरलेलं असतं.

आणखी एक. जुन्या १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत स्पार्कची वीज थेट मॅग्नेटमधून येते, त्यामुळे बॅटरी मेली तरी त्या किकवर सुरू होतात. माझ्या गाडीचा सीडीआय बॅटरीवर चालणारा. म्हणजे त्या रात्री मी शंभर किका मारल्या असत्या तरी काही होणार नव्हतं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे महाभागही आपल्यात आहेत. तसं करू नका, वायरिंग पेटतं. आणि १४ एप्रिलच्या रॅलीसाठी जादा एलईडी आणि मोठा हॉर्न मुख्य वायर सोलून जोडू नका. माझ्या जुडग्यात असे तीन जोड निघाले, तिन्ही माझ्याच उत्साहाचे.

चहाच्या टपरीवर त्याने वायर सोलून पीळ दिला, टेप लावली आणि आम्ही धुळ्याकडे निघालो. वाटेत मला चाळीसगाव आठवत राहिलं. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. शेवटी एकाने टांगा दिला, पण हाकायला आला नाही. महारवाड्यातल्या ज्याने लगाम धरला त्याने टांगा कधी हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहुण्याला चालत न्यायचं नाही, हा वस्तीचा स्वाभिमान होता, आणि तो रास्तच होता. टांगाही मिळाला होता. हाकण्याची कला तेवढी दुसऱ्यांकडे राहिली होती.

आपण ही हकीकत सांगतो तेव्हा टांगेवाल्यांच्या जातीयतेवर थांबतो. मीही शिबिरात तिथेच थांबायचो. जातीने कामाची नाही, माणसांची वाटणी केली, हेही मी तावातावाने शिकवतो. आणि तोच पोरगा चार वर्षं त्या शिबिरात माईकच्या वायरी जोडत होता. गाडी महिनोन् महिने बंद पडत होती, पण त्याला विचारावं असं माझ्या मनात आलं नाही. माझ्या लेखी तो "साऊंडवाला" होता. चर्चेला बसायचे ते डिग्रीवाले. मनुवाद बाहेर शोधणाऱ्याने आपल्या शिबिरात खुर्ची कुणाला आणि वायर कुणाला, हेही एकदा मोजावं. मी मोजलं, बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर त्याने तेवढा तुकडा काढून नवी वायर सोल्डर केली, हॅण्डल पूर्ण वळेल इतकी ढील ठेवून. खर्च ऐंशी रुपये, तोही त्याने घ्यायला खळखळ केली. ते गाव अजून माझ्याशी बोलतं, पण फोन आता दुसऱ्याला करतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सध्या गाडी एका दमात सुरू होते. हॉर्न मात्र घोगरा वाजतो आणि रेस केली तरी मीटर १३ च्या वर जात नाही. रेक्टिफायर आहे की मॅग्नेटची कॉइल, ते येत्या रविवारी विहाराच्या अंगणात बघायचं ठरलंय. मीटर मी धरणार आहे, तो बाजूला बसून सांगणार आहे.