एक कणीक, दोन पातेली

माझ्या नगरच्या मित्राला एकच पदार्थ उत्तम येतो. इंग्रजीत त्या प्रकाराला ‘वन पॉट’ म्हणतात. भांड्यात खिमा परतायचा, त्यातच टोमॅटो, त्यातच पाणी, त्याच पाण्यात पास्ता शिजवायचा आणि शेवटी क्रीम घालून उतरवायचं. घासायला भांडं एकच. वसतिगृहात राहणाऱ्यांना या कृतीतला हा शेवटचा मुद्दाच सगळ्यात आधी पटतो.

गेल्या नाताळच्या सुट्टीत तो चार दिवस आमच्याकडे बऱ्हाणपूरला यायचा होता. “या वेळी तुमच्या घरच्यांना मी जेवायला घालणार,” असं त्यानं फोनवर जाहीर करून टाकलं. मी ‘ये’ म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर एक प्रश्न मनात राहिलाच. एकच भांडं, ठीक आहे. पण कोणतं?

कारण आमच्या घरात दोन स्वयंपाक आहेत. एक आत, ओट्यावरचा. दुसरा मागच्या अंगणात पत्र्याखाली, चुलीवरचा, तोही फक्त रविवारी. त्या चुलीचं जर्मनचं पातेलं, झारा, पळी, सगळं तिथंच खुंटीला असतं. ते आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. ही व्यवस्था 2016 पासूनची. त्या वर्षी आजीनं मुक्ताईनगरला माळ घातली. त्याआधी आमच्या सगळ्या भाऊबंदांत तिच्या हातच्या मटणाचं नाव होतं. ती खिमा करायची तेव्हा बाजूच्या पॉवरलूमवरची माणसंसुद्धा ‘आज काय बेत?’ म्हणून विचारायची. आता रविवारी ती लवकर जेवून घेते आणि ओसरीवर जाऊन बसते. आम्ही मागं जेवतो.

मूळ कृतीत गोमांसाचा खिमा आहे. तो प्रश्न आमच्याकडे उद्भवतच नाही. मध्य प्रदेशात 2004 चा गोवंश वध प्रतिषेध कायदा आहे, आणि मित्राच्या महाराष्ट्रातही 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू बंदीत आले आहेत. त्यामुळे आमचा खिमा बोकडाचा. खिमा बदलला म्हणून पदार्थ बिघडत नाही, फक्त शिजायला वेळ जास्त लागतो.

या पदार्थाची जन्मकथा मात्र मला आवडली. अमेरिकेत असलं जेवण घरोघरी पोचवलं ते ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाच्या पाकिटानं. ते 1971 साली बाजारात आलं. पाकिटात सुका पास्ता आणि मसाल्याची पूड, खिमा ज्याचा त्यानं आणायचा. तेव्हा तिथं मांस महागलं होतं आणि एका पाउंडात, म्हणजे साडेचारशे ग्रॅममध्ये, अख्ख्या घराचं जेवण भागवायची ती युक्ती होती. हे वाचल्यावर मला तो पदार्थ परका वाटेनासा झाला. मटण थोडं आणि खाणारी तोंडं फार, तर पातेल्यात काय वाढवायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं?

मित्र शनिवारी आला. रविवारी सकाळी बाबांनी अर्धा किलो खिमा आणला. मी पास्त्याचं पाकीट आणायला शनवाऱ्याकडे निघालो, तेव्हा आजीनं विचारलं, “काय आणतोस?”

“पास्ता.”

“म्हणजे काय असतं ते?”

मित्रानंच समजावलं. “आजी, गव्हाचंच असतं. रवाळ पीठ घट्ट मळतात, लाटतात, कापतात आणि वाळवून पाकिटात भरतात. मग उकळत्या पाण्यात सोडायचं.”

आजी म्हणाली, “मग पाकीट कशाला? ही तर फळं झाली. वरणफळं येतात ना रे मला.”

वरणफळं ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. काही भागांत त्यांना चकोल्या म्हणतात. तुरीच्या पातळ वरणाला फोडणी देऊन ते उकळायला ठेवायचं आणि त्यात कणकेच्या लाटीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे. तुकडे शिजता शिजता कणकेतला स्टार्च वरणात उतरतो आणि वरण आपोआप दाट होतं. मित्राच्या पदार्थाचं सगळं रहस्यही तेवढंच आहे. पास्ता वेगळा उकडून त्याचं पाणी ओतून दिलं तर रस्सा पाणचट राहतो. तेच पाणी भांड्यात ठेवलं की तो मलईसारखा होतो.

गव्हाचाही योग असा की पास्त्यासाठी जगभर वापरतात तो ड्युरम गहू आमच्या राज्यात कठिया नावानं पिकतो. माळव्यात बाफले आणि लाडू त्याचेच करतात. दाण्याला कडक, रवा छान निघतो. आजीनं दोन वाट्या कणीक आणि एक वाटी रवा घेतला, मीठ आणि थोडं तेल घातलं, आणि परात पुढ्यात ओढली.

“मी मळतो ना आजी,” मित्र म्हणाला. तो तोवर मागं खिमा धुऊन आला होता.

आता मला जे वाटलं ते सांगायला हवं. मी आजीच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. आजीचं माहेर रावेर तालुक्यातलं. तिच्या माहेरी अंगणातल्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असायचा, कामाला येणाऱ्या काही माणसांसाठी. ही गोष्ट तिनंच मला लहानपणी सांगितली होती, जशी विहिरीची आणि चिंचेच्या झाडाची सांगितली होती. माझा मित्र ख्रिस्ती आहे हे तिला माहीत होतं. त्याच्या हाताची कणीक ती खाईल की नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि नाही म्हणाली तर त्याच्याकडे मी कोणत्या तोंडानं बघणार होतो?

आजी म्हणाली, “हात धुतले का?”

“हो.”

“साबणानं?”

“नाही, नुसते.”

“मग साबणानं धू. खिम्याचे हात आहेत. आणि ये, तू मळ, माझे सांधे दुखतात.”

तो धुऊन आला आणि मळू लागला. ‘अजून घट्ट, अजून घट्ट,’ म्हणून आजीनं त्याचा घाम काढला. अर्धा तास कणीक मुरत ठेवली. मग त्यानं लाटलं, मी कापलं. आजीनं तुकड्यांचे दोन भाग केले. एक भाग ताटात घालून मागं पाठवला, खिम्यासाठी. दुसरा स्वतःजवळ ठेवला. “याची मी वरणफळं करते. तुमच्या पातेल्यातलं मला नको. पण कणीक एकच.”

आमच्या वाङ्मय मंडळात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वर चर्चा झाली होती, ती मला तिथं उभ्याउभ्या आठवली. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या काळात ताटातूट झाली, आणि नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं नव्हतं, त्यांचा स्वयंपाक वेगळा होता. ते सोवळं त्यांनी पुढं स्वतः विचार करून टाकलं. त्याच्या थोडं आधी, 1890 मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये दिलेल्या चहा-बिस्किटांवरून केवढं ग्रामण्य झालं! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांची नावं त्यात आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहात काही वावगं नव्हतं. तो कुणाच्या हातचा होता, हा प्रश्न होता.

चर्चेत आमच्यातले बरेच जण म्हणाले होते की सगळ्यांनी एका भांड्यातलं खाल्लं की भेद संपले. तेव्हा मलाही ते पटलं होतं. पण आजीच्या परातीपाशी मला त्यातला फरक दिसला. माणसाचा विटाळ मानणं वेगळं आणि एखाद्या पदार्थाचं पथ्य पाळणं वेगळं. दोन्हींत पातेली वेगळी होतात, म्हणून बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्यात समोरच्या माणसाला कमी लेखलेलं असतं. दुसऱ्यात आपण आपल्याच तोंडाला एक नियम घातलेला असतो. कोनाड्यातला तो कप पहिल्या प्रकारचा होता. त्याला कुठल्याही पथ्याची सबब चालणार नाही. आजीचं वरणाचं पातेलं दुसऱ्या प्रकारचं. आणि यातलं कोणतं कोणतं हे ओळखायचं कसं? तर कणीक कुणी मळली ते बघायचं.

उलटही तितकंच खरं. आजीला बरं वाटावं म्हणून आम्ही खिमा सोडला असता, किंवा आमच्या प्रेमाखातर तिनं चमचाभर चाखावं असा आग्रह धरला असता, तर एका भांड्यातलं खाल्ल्याचं समाधान मिळालं असतं, पण कुणीतरी मन मारूनच जेवलं असतं. एका भांड्यात शिजवलेल्यातून नंतर काही वेगळं काढता येत नाही. म्हणून आत काय जाणार हे चूल पेटवण्याआधीच ठरवावं लागतं, आणि ज्यानं त्यानं आपापल्यापुरतं ठरवावं लागतं.

मागं मित्रानं तेलात कांदा, आलं-लसूण परतून खिमा टाकला. पाच मिनिटांनी तो टोमॅटो घालायला निघाला तर आतून, दाराआडून आवाज आला, “अरे थांब! कच्चा वास येतोय. पाणी आटलं नाही अजून.”

त्यानं झाकण काढून पाहिलं. खिम्याला खरंच पाणी होतं.

“आच मोठी कर. सगळं पाणी आटून तेल सुटू दे, मग टमाटे.”

दहा वर्षं होत आली तिला खिमा शिजवून, पण नाक विसरलेलं नव्हतं. त्यानंतरचा सगळा खिमा आजीनं दाराआडून केला आणि मित्रानं नुसता झारा हलवला. तेल सुटलं, मग टोमॅटो, हळद, तिखट, मिरपूड, मीठ. टोमॅटो पार गळल्यावर सहा वाट्या गरम पाणी. बोकडाचा खिमा म्हणून पंचवीस मिनिटं झाकून शिजवला, मग उकळीत एकेक फळ सोडलं, चिकटू नये म्हणून. आणखी बारा मिनिटं.

राहिलं क्रीम. ते आम्ही आणलंच नव्हतं. म्हशीच्या दुधाची ताजी साय होती, अर्धी वाटी. आजी कुरकुरली, “मिठाच्या जेवणात दुधाचं? विरुद्ध अन्न.” पण तिनंच साय फेटून दिली. ती घालताना पातेलं चुलीवरून खाली घ्यायचं. टोमॅटोचा आंबटपणा आणि कडक आच मिळून दूध फाटतं. साय तग धरते, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त आणि प्रथिनं कमी, शिवाय रस्स्यातला स्टार्च तिला सांभाळून घेतो. आमची फाटली नाही. रस्सा केशरी, दाट झाला आणि प्रत्येक फळाला धरून राहिला.

जेवायला आम्ही मागं बसलो, आणि आजी तिचं ताट घेऊन तिथंच आली. आईनं विचारलं, “आई, तुम्ही ओसरीवर नाही का बसत? इथं वास येईल.”

“येऊ दे. माळ गळ्यात आहे, डोळ्यांवर नाही. पोरगं पहिल्यांदा आलंय घरी, जेवताना बघू दे मला.”

ती आमच्याच पंगतीत बसली, टोकाला. तिच्या ताटात वरणफळं आणि वर तुपाची धार, आमच्या ताटांत तीच फळं खिम्यात. बहिणीनं दोन्ही घेतलं आणि आजीनं मित्रालाही वरणफळं वाढली. तो दोनदा मागून जेवला. अर्धा किलोत आम्ही पाच जण पोटभर जेवून थोडं उरलं.

रात्री गच्चीवर मी त्याला तो कोनाड्यातला कप सांगितला. त्याला न सांगता मला झोप आली नसती. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमच्या घरीही तो कप आठवतात. फक्त दुसऱ्या बाजूनं.” मग म्हणाला, “उद्या सकाळी परत मळू का कणीक? आजी म्हणत होत्या, उद्या जरा सैल मळून पोळ्या शिकवते.”

वसतिगृहातून बाहेर खोली घेऊन राहणाऱ्या वाचकांनी हे जरूर करून पाहावं. पाच जणांना अर्धा किलो खिमा, तीन वाट्या पीठ, सहा वाट्या पाणी, चार टोमॅटो आणि अर्धी वाटी साय पुरते. कोण काय खात नाही ते आधी विचारून घ्यावं आणि लागतील तेवढी पातेली चढवावीत. दोन लागली तर दोन घासावी लागतील, त्याला इलाज नाही. कणीक मात्र एकाच परातीत मळावी, आणि जमलं तर नव्या पाहुण्याला मळायला लावावी. हात धुऊन, साबणानं.