खारीचा वाटा

सभेंत वर्गणीची यादी फिरूं लागली, कीं कोणी तरी गृहस्थ उठून 'माझा हा खारीचा वाटा' असें म्हणत आपली देणगी जाहीर करतात. हा शब्दप्रयोग ऐकला कीं मला नेहमीं थोडें हसूं येतें. सेतु बांधतेवेळीं अंगाला वाळू माखून ती समुद्रांत झटकणारी खार आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. रामचंद्रांनीं तिच्या पाठीवरून बोटें फिरविलीं व त्या बोटांचे पट्टे अजून तिच्या वंशजांच्या पाठीवर दिसतात, ही कथाहि आपण लहानपणींच ऐकलेली असते. पण या कथेचें तात्पर्य आपण असें काढतों, कीं खारीचें काम तसें क्षुल्लक. तिची भावना तेवढी मोठी. खार नसती तरी सेतु झालाच असता! अलीकडे मात्र अशा एका खारीशीं माझा परिचय झाला आहे, कीं जी नसती तर सेतु खास कोसळला असता. ही खार पांढरी आहे, तिच्या पाठीवरील पट्टा निळा आहे, आणि तिची वस्ती एका खेळाच्या यंत्रांत आहे.

परिचय करून दिला तो माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें. व्हिडिओ गेम म्हटला कीं आमच्या पिढीच्या कपाळाला आपोआप आठ्या पडतात, आणि माझें कपाळ त्याला अपवाद नव्हतें. पण हा मुलगा यंत्र हातांत घेऊन पांच पांच मिनिटें नुसता विचार करीत बसतो, हें पाहून माझें कुतूहल जागें झालें. बुद्धिबळाच्या पटासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखतों. तोच चेहरा येथें दिसत होता.

या खेळाचें नांव पोकेमॉन. तो १९९६ सालीं जपानांत निघाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता, आणि रानांत हिंडून नाना तऱ्हेचे जीव जमविण्याचा तो आनंद शहरी मुलांनाहि मिळावा, या इच्छेंतून खेळाची कल्पना निघाली. मुलांनीं काल्पनिक प्राणी पकडावे, वाढवावे, आणि दोन यंत्रें तारेनें जोडून मित्राशीं झुंजवावे, असा मूळ बेत. पहिल्या खेळांत असे १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या हजारावर गेली आहे. कोणी अग्नीचा, कोणी पाण्याचा, कोणी विजेचा. आणि पाण्यानें अग्नि विझावा, विजेनें पाण्याचा प्राणी गारद व्हावा, अशी त्यांच्या बलाबलाची एक मोठी कोष्टकवारी आहे. माझा नातू ती पाढ्यांसारखी घडाघडा म्हणून दाखवितो. पाढ्यांबद्दल तसें म्हणवत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

मोठ्या स्पर्धांतून हा खेळ जोडीनें खेळला जातो. प्रत्येकानें सहा प्राण्यांचा संघ आणावयाचा, प्रतिपक्षाचा संघ पाहून त्यांतले चार निवडावयाचे, आणि एका वेळीं दोन मैदानांत उतरवावयाचे. दोघेहि खेळाडू आपापली चाल गुप्तपणें ठरवितात व मग दोन्ही बाजूंच्या चाली एकदम उघड होतात. म्हणजे बुद्धिबळाप्रमाणें समोरच्याची चाल पाहून उत्तर देण्याची सोय येथें नाहीं. तो काय करील हें आधींच ताडावें लागतें. आणि बहुधा तो काय करतो? तुमचा जो प्राणी सर्वांत बलवान् किंवा सर्वांत धोक्याचा असेल, त्यावर दोघांचेहि वार एकदम रोखतो.

ऑगस्ट २०१४ मध्यें अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें या खेळाचे जागतिक सामने झाले. मोठ्या गटाचें अजिंक्यपद दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क या खेळाडूनें मिळविलें. त्याच्या संघांत गॅराडॉस नांवाचा अजस्र जलसर्प होता, गार्चॉम्प नांवाचा भूचर ड्रॅगन होता, अंगाला ज्वाळा लपेटून झेपावणारा टॅलनफ्लेम हा ससाणा होता; आणि या सगळ्या आडदांड मंडळींत आपली ही खार होती. तिचें नांव पाचिरिसू. जपानी भाषेंत 'पाचि पाचि' म्हणजे ठिणग्यांची तडतड व 'रिसू' म्हणजे खार. जीवन, हल्ला, बचाव, वेग इत्यादि सहा गुणांची मूळ बेरीज करून या प्राण्यांची योग्यता मोजतात. गार्चॉम्पची बेरीज ६००, गॅराडॉसची ५४०, आणि आपल्या खारीची ४०५. परीक्षेच्या निकालावर नोकरी देणाऱ्या कोणाहि साहेबानें तिला दारांतूनच परत पाठविलें असतें. जगज्जेत्याच्या संघांत तिला पाहून प्रेक्षक आधीं चकित झाले, आणि मग तिच्या नांवाचा जल्लोष करूं लागले.

"पण ती करते काय?" मीं नातवाला विचारलें.

"आजोबा, तिनें मारायचें नसतें. तिनें मार खायचा असतो," तो म्हणाला.

तिच्या मुख्य चालीचें नांव 'फॉलो मी', म्हणजे 'माझ्या मागून या'. नांव वाटाड्याचें असलें तरी अर्थ मात्र 'मला मारा' असा आहे. ही चाल बहुतेक सर्व चालींच्या आधीं घडते, आणि त्या फेरीपुरता प्रतिपक्षानें तिच्या जोडीदारावर रोखलेला वार तिच्याकडे वळतो. भूकंपासारखा एकदम अनेकांवर कोसळणारा वार तिला अडवितां येत नाहीं. पण नेम धरून मारलेला घाव ती आपल्या अंगावर ओढून घेते. त्यांतहि एक खुबी आहे. गॅराडॉस हा पाणी व आकाश या दोन्ही जातींचा असल्यानें त्याच्या मूळ रूपांत विजेचा घाव त्याला चौपट लागतो. खारीच्या अंगीं मात्र वीज पिऊन टाकण्याचा गुण आहे. विजेचा वार बसला तर इजा होण्याऐवजीं तिच्या पूर्ण जीवनाचा चौथा हिस्सा उलट भरून येतो. सर्पाचें मरण तें खारीचें औषध! त्यामुळें शहाणा प्रतिस्पर्धी विजेचें अस्त्र बाहेर काढायलाच कचरतो. जो घाव झालाच नाहीं, त्याचें श्रेय कोणाच्या खात्यावर मांडावयाचें? जमाखर्चाच्या कोणत्याहि वहीला असा रकाना नसतो.

येथवर ऐकल्यावर एखाद्या वाचकाच्या ओठांवर 'त्याग' हा शब्द आला असेल. माझ्याहि आला होता. आपल्या वाङ्‌मयांत त्यागमूर्तींची वाण नाहीं, आणि खारीलाहि त्या मालिकेंत बसवून एक बोधपर लेख लिहिणें सोपें होतें. पण नातवानेंच तो बेत मोडला. त्यानें त्या विजयाची हकीकत ऐकून आपल्या संघांत पाचिरिसू घेतली होती. आणि तिच्या हल्ल्याला व वेगाला बळ दिलें होतें. ती दोन फटक्यांत आडवी झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेंच. मग त्यानें पार्कचा संघ बारकाईनें अभ्यासला, आणि त्याला जें दिसलें तें त्यानें मला दाखविलें.

या खेळांत प्रत्येक प्राण्याला तालमीचे एकूण ५१० गुण वांटतां येतात, व एका अंगाला २५२ हून अधिक देतां येत नाहींत. पार्कनें खारीच्या तालमीचा भर मार सोसण्याच्या शक्तीवर ठेवला होता. तिच्या चार चालींपैकीं एक निखळ स्वसंरक्षणाची होती. प्रतिपक्षाला बधिर करून त्याचा वेग घटविणारी एक, आणि समोरच्याचें उरलेलें जीवन थेट निम्म्यावर आणणारी एक. म्हणजे ती अगदींच निःशस्त्रहि नव्हती. आणि शेवटची गोष्ट. प्रत्येक प्राण्याजवळ एकच वस्तु ठेवतां येते, व पार्कनें खारीच्या पदरीं 'सिट्रस' नांवाचें एक फळ बांधून दिलें होतें. जीवन निम्म्यावर किंवा त्याखालीं आलें कीं प्राणी तें फळ खातो आणि पूर्ण जीवनाचा चौथा हिस्सा त्याला परत मिळतो. खेळाडूला आज्ञा द्यावी लागत नाहीं. खारीला मागावें लागत नाहीं.

तेव्हां पार्कनें खारीला बळी दिलें नव्हतें. ती टिकावी अशी तजवीज करून मगच तिला पुढें उभें केलें होतें. या दोहोंतला भेद माझ्या मनांत घर करून बसला, त्याला कारण आहे.

माझ्या लहानपणीं आमचें घर कर्जांत होतें. वडील रात्रंदिवस कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत, आजोबा तापट, आणि घरांत माझ्या थोरल्या काकू. त्यांना ऐन पंचविशींत वैधव्य आलेलें. सावकाराचा माणूस ओटीवर येऊन आवाज चढवूं लागला, कीं काकू माजघरांतून बाहेर येत, दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहत, आणि म्हणत, "काय बोलायचें तें मला बोला. ते अभ्यासाला बसले आहेत." आजोबांचें ताट उशिरां वाढलें गेलें, तरी माझ्या आईच्या आधीं काकूच पुढें होत: "माझ्यामुळें उशीर झाला." सगळा घाव त्यांच्यावर वळे, आणि त्या तो निमूटपणें पिऊन टाकीत. वीज पिण्याचा गुण त्यांच्या अंगीं आहे, असेंच आम्ही सारे धरून चाललों होतों.

वडिलांनीं तो मिळालेला वेळ वाया घालविला नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. खार घाव झेलीत असतां सर्पानें स्वस्थ बसून राहावें, तर तिचें झेलणें फुकट जातें. वडील वकील झाले, कर्ज फिटलें, आम्ही भावंडें शिकलों. डावाची ही बाजू आमच्या घरानें चोख खेळली. दुसरी बाजू मात्र रिकामी राहिली. काकू आयुष्यभर माझ्या आजीचा जुना चष्मा वापरीत. त्याचा नंबर त्यांच्या डोळ्यांना जुळत नसे. पोथी वाचतांना त्या तो नाकावर पुढेंमागें सरकवीत राहत, आणि अर्ध्या तासानें डोकें धरून पोथी मिटून ठेवीत. घरांत पैसा आल्यावरहि त्यांचे डोळे तपासले गेले नाहींत. त्यांनीं तसें कधीं म्हटलें नाहीं, आणि कोणी विचारलें नाहीं. १९८१ सालीं त्या गेल्या. तेराव्याला जमलेल्यांपैकीं प्रत्येकानें त्यांना त्यागमूर्ति म्हटलें. त्या शब्दांत लबाडी नव्हती. खरेंच सगळ्यांचे डोळे पाणावले होते. पण चष्म्याला त्या काळीं कितीसे रुपये पडत होते!

खेळाची उपमा फार ताणूं नये, हें मलाहि कळतें. यंत्रांतल्या खारीला दुखत नाहीं, तिला मन नाहीं, आणि डाव संपला कीं ती पुन्हां ताजीतवानी उभी राहते. काकूंना यांतलें कांहींच लागू नव्हतें. पण म्हणूनच ही तुलना आपल्याला अधिक लाजविणारी आहे. जिला दुखत नाहीं तिच्यासाठीं एका तरुण खेळाडूनें फळाची तजवीज केली; जिला दुखत होतें तिच्यासाठीं आपण विशेषण शोधून ठेवलें. विशेषणाला खर्च येत नाहीं, आणि तें बहुधा माणूस गेल्यावर उपयोगांत आणावयाचें असतें. फळाची गोष्ट वेगळी. तें ऐन झुंजींत, अर्धा जीव उरलेला असतांना पोटांत जावें लागतें.

तेव्हांपासून मला एक नवा नाद लागला आहे. कोणाच्याहि घरीं गेलों कीं तेथली खार कोण, हें मी ओळखूं पाहतों. दर घरांत एखादी असतेच. आणि मग तिच्या पदरीं काय बांधलेलें आहे, तें पाहतों. कोठें दुपारची तासभर झोप असते, कोठें स्वतःच्या नांवाचें बँकेचें पुस्तक, कोठें महिन्यांतून एक नाटक. पुष्कळ ठिकाणीं कांहींच नसतें.

आमच्या घरीं गेले तीन महिने सौभाग्यवती पाय मोडून अंथरुणावर आहेत, आणि त्यांच्या व माझ्या अशा दोन्ही स्वभावांचे घाव आमच्या सूनबाई झेलीत आहेत. पुढच्या आठवड्यांत त्या चार दिवस माहेरीं जाऊन राहतील, आणि तेवढे दिवस स्वयंपाक मी करीन, असें मीं परवां रात्रीं जाहीर केलें. नातवानें यंत्रावरून मान वर केली, क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि म्हणाला, "आजोबा, मामीला फळ मिळालें हें ठीक. पण त्या चार दिवसांत आमच्या बाकीच्या प्राण्यांचा बचाव कोण करणार?"