विहीणबाईंची क्रियापदं

लेकीच्या सासूबाई दिवाळीनंतर पंधरा दिवस आमच्याकडे, सिंदी मेघेला, राहायला येणार आहेत. त्या दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या. लेक तिथे संशोधनाला गेली आणि तिथलीच झाली. विहीणबाईंना मराठी-हिंदी येत नाही, आणि इंग्रजी आम्हा दोघींचंही बेताचंच. म्हणून त्र्याहत्तराव्या वर्षी मी कोरियन शिकते आहे. शेजारीपाजारी हसतात. हसू देत.

लिपी लवकर आली. राजा सेजोंगने ती १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे ठेवली. आज मूळ अक्षरं फक्त २४. व्यंजनाला स्वर जोडत जायचं, म्हणजे आपली बाराखडीच की! उच्चार मात्र छळतात. भाताला म्हणतात 'पाप'. म्हणजे ब आणि प यांच्या मधलं काहीतरी. 'पाप खाल्लं का?' ही तिथली आपुलकीची चौकशी. मला ती अजून हसल्याशिवाय करता येत नाही.

वाक्यरचना मात्र घरचीच. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागे. आणि सगळी गंमत त्या शेवटच्या क्रियापदाच्या शेपटीत. 'जाणे'चं नुसतं 'का' म्हटलं तर सलगीचं, 'कायो' म्हटलं की अदबीचं, 'काम्निदा' म्हणजे सभेतलं किंवा बातम्यांतलं. ऐकीव गोष्ट असेल तर 'ओन्दॅयो', म्हणजे 'येणार म्हणे'. हे 'म्हणे' इंग्रजीत सांगताना किती शब्द लागतात! आणि 'काको इस्सॉयो' म्हणजे काय, तर 'जाऊन राहिली'. आमच्या वऱ्हाडी 'करून राहिली, जाऊन राहिली'ला पुण्याचे लोक हसतात ना, त्यांना हे एकदा सांगायचं आहे. नवऱ्याला तिथल्या बायका 'उरी नाम्प्यॉन' म्हणतात. उरी म्हणजे आमचे. आमचे हे!

खरी अडचण वेगळी होती. विहीणबाईंशी कुठल्या शेपटीने बोलायचं? ती मुलाची आई, मी मुलीची. आपल्याकडे या एका गोष्टीवरून किती ठरायचं, हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. माझ्या सासूबाई माझ्या आईला 'तू' म्हणायच्या. आई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, पण ती 'तुम्ही, तुम्ही' करत चहाचा कप घेऊन उभी. मला 'बस' म्हणायची सोय नव्हती.

इंग्रजीत विहिणीला शब्दच नाही. कोरियनमध्ये आहे. व्याह्यांच्या नात्याला 'सादोन' म्हणतात आणि विहिणीला हाक मारायची ती 'साबुइन'. लेकीने सांगितलं, "आई, हे नातं तिथे फार जपून बोलायचं असतं. दोन्हीकडून अदबीचंच. त्यासुद्धा तुला साबुइनच म्हणणार." मी तिला दोनदा विचारलं. दोन्हीकडून? दोन्हीकडून.

त्यात आणखी एक बारकावा आहे. ज्याच्याविषयी बोलायचं त्याला मान द्यायचा तर क्रियापदाच्या मधे एक 'शि' घालतात. तो 'शि' स्वतःला कधी लावायचा नाही. परवा व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंनी मला विचारलं, "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?" जेवण झालं का? तो 'शि' मला स्पष्ट ऐकू आला. मी उत्तर दिलं, "ने, मॉगॉस्सॉयो." हो, जेवले. माझ्या क्रियापदात शि नाही, तिच्यात आहे. मग मी तेच तिला विचारलं, 'शि'सकट, आणि तिने उत्तरात तो गाळला. व्याकरणाच्या तासाला इतका आनंद मला स्वतःला शिकवतानाही कधी झाला नव्हता.

सध्या आग्रहाची वाक्यं पाठ करते आहे. 'तॉ तुसेयो' म्हणजे आणखी घ्या. 'पुरे' कसं म्हणतात ते मुद्दाम विचारलेलं नाही. वर्ध्याचा गोरसपाक आणायचं ह्यांना सांगून ठेवलं आहे.