पोहरादेवीत भेटलेली हॉकी

वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथलीच. रामनवमीच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नसते! एरवी गाव कसं शांत. इथेच आम्ही तीन शिक्षक घर भाड्याने घेऊन राहत होतो.

त्यातला एक पुण्याजवळच्या खडकीचा, म्हणजे चार ऑलिंपिक खेळलेल्या धनराज पिल्लेच्या गावचा. भाकरी थापतानाही हॉकीच बोलायचा. मी क्रिकेटवेडा. "पुरे रे तुझी काठ्यांची मारामारी," म्हणायचो.

५ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिक, कांस्यपदकाचा सामना. सकाळी सातलाच मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला. जर्मनी ३, आपण १. मित्र अगदी गप्प. खरं सांगू? मला त्याची दया आली, म्हणून शेजारी बसलो. बसलो तो उठलोच नाही! आपण ५-४ ने पुढे गेलो, अवघे काही सेकंद उरले, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर! गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला. हॉकीत ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक! तव्यावरच्या भाकरीचा मात्र कोळसा.

संध्याकाळी बाभळीची वाकडी फांदी शोधायला मीच बाहेर पडलो. काटे तेवढे बोचले!