घाटाखालचें स्वयंपाकघर

प्रवासवर्णनांत देवळें, किल्ले आणि समुद्र यांस मानाचें पान मिळतें. स्वयंपाकघरास मात्र बहुधा पंगतीबाहेरच बसावें लागतें. वास्तविक कोणत्याही प्रांताची खरी ओळख तेथील घरच्या ताटांत होते. गेल्या भाद्रपदांत आम्ही कऱ्हाडाहून पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट या वाटेनें चिपळुणास उतरून पुढें गुहागरास आप्तांकडे गेलों, तेव्हां याची उत्तम प्रचीति आली.

सकाळीं कऱ्हाडास जेवलों तें ज्वारीची भाकरी, दाण्याचें कूट घातलेली वांग्याची भाजी आणि चिंचगुळाची आमटी. रात्रीं गुहागरास पानांत पडला तो ऊन भात आणि कुळथाचें पिठलें. कुळीथ भाजून, भरडून, पाखडून दळलेलें तें पीठ. त्यांत लसूण, मिरची, आमसूल आणि वरून ओलें खोबरें. एका दिवसाच्या प्रवासांत चिंचेची जागा आमसुलानें घेतली व दाण्याची नारळानें. ही सीमा माणसानें आंखलेली नसून पावसानें आंखलेली आहे. सह्याद्रीला अडून रत्नागिरीच्या बाजूस वर्षाकांठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; पलीकडे माण-खटावांत तो ५०० च्या आसपास येतो. म्हणून खालीं भात, वर ज्वारी. परसांत जें पिकलें तेंच गृहिणीनें रुचकर केलें.

आपण ज्याला परंपरागत म्हणतों तें सारेंच पुरातन असतें असेंही नाहीं. सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासां’त, म्हणजे बाराव्या शतकांत, मांड्यांचें वर्णन सांपडतें, मिरची मात्र त्यांत असणें शक्यच नव्हतें. मिरची काय, भुईमूग काय, दोन्ही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज १४९८ सालीं या किनाऱ्यास लागले, त्यानंतरच तीं आपल्याकडे आलीं. तात्पर्य, जिन्नस बदलतात. टिकतो तो हातचा गुण, आणि तो एका हातानें दुसऱ्यास दिला तरच टिकतो.

गुहागरच्या घरांतील वहिनींनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. मुलें, सुना, नातवंडें पुण्या-मुंबईस. घर भरतें तें गणपतींत. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं आम्हीं वही काढून मोदकांच्या उकडीचें माप विचारलें. त्या हंसून म्हणाल्या, “भाऊजी, वाटी काय सांगणार? पाणी किती तें पीठच सांगतं.” तेव्हां त्या करीत गेल्या आणि आमची सून मोजीत गेली. निघालेलें प्रमाण असें:

दोन वाट्या पाण्याला चमचाभर तूप व चवीपुरतें मीठ. आधण आलें कीं तितकेंच तांदळाचें पीठ घालून ढवळावें व झांकण ठेवून दोन वाफा आणाव्या. तांदूळ जुने असल्यास पाणी किंचित् अधिक. ऊन असतांनाच उकड तेलपाण्याच्या हातानें मळावी. सारणास दोन वाट्या ओलें खोबरें, एक वाटी गूळ व वेलदोड्याची पूड. गूळ विरून सारण एकजीव होतांच उतरावें, नाहीं तर तें चिवट होतें. मोदक हळदीच्या पानावर दहा-बारा मिनिटें वाफवावे.

एवढें वहींत उतरलें. परंतु पारी करतांना कड चिरली कीं वहिनींचा अंगठा आपोआप पाण्यांत बुडतो आणि उकड पुन्हां मळली जाते; तें पाहूनच शिकावें लागतें. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें १९७० पासून वाटी-चमच्याचें माप घरोघर पोंचविलें, हे त्यांचे मोठे उपकार. तथापि प्रत्येक घराची अशी एखादी खूण असते, ती कोणत्याच छापील पुस्तकांत यावयाची नाहीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति, कीं येत्या सणाला घरांतील वडील बाईच्या शेजारीं एकानें वही घेऊन बसावें व दुसऱ्यानें पिठांत हात घालावा. तो दुसरा मुलगा असला तरी कांहीं बिघडत नाहीं. आमच्या सतरा वर्षांच्या नातवाचे पहिले तीन मोदक वाफेंत फुटले. चौथा वहिनींनीं स्वतः देवापुढें ठेवला.